भरती-ओहोटीमधली जमीन : मालक सरकार, पण कोणासाठी?

समुद्रकिनाऱ्यावर एक पट्टा असा असतो, जो दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो आणि दोनदा उघडा पडतो. त्याला धड जमीन म्हणता येत नाही आणि धड पाणीही म्हणता येत नाही. कांदळवन तिथेच वाढते, कोळंबी आणि खेकड्यांची पिल्ले तिथेच पोसली जातात, मच्छीमार होडी तिथेच ओढून ठेवतात आणि अतिवृष्टीच्या दिवशी शहराचे पाणी शेवटी तिथेच विसावते. या पट्ट्याची मालकी कोणाची, हा प्रश्न वरवर महसुली नोंदीचा वाटतो. प्रत्यक्षात किनाऱ्यावरील शहरांची पूरसुरक्षा, मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबांची उपजीविका आणि पाणथळ जागांचे भवितव्य त्याच्या उत्तरावर ठरते.

भारताच्या किनाऱ्याची लांबी अनेक दशके ७,५१६ किलोमीटर मानली जात होती. अधिक बारकाईने केलेल्या अलीकडच्या मोजणीत ती ११,०९८ किलोमीटर भरली. नवा किनारा निर्माण झालेला नाही. खाड्या, वळणे आणि नदीमुखे नीट मोजली गेली, इतकेच. या वाढलेल्या लांबीचा मोठा भाग खाड्या-मुखांचा, म्हणजेच भरती-ओहोटीच्या जमिनीचा आहे आणि तिच्या व्यवस्थापनाचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे.

मालकी आणि विश्वस्तपद

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार भरतीरेषेखालील समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा तळ तसेच नद्या, नाले, तळी यांचे तळ ही राज्य सरकारची मालमत्ता आहे. त्यापलीकडे प्रादेशिक समुद्राच्या तळाशी असलेली जमीन, खनिजे आणि इतर मौल्यवान वस्तू संविधानाच्या अनुच्छेद २९७ नुसार केंद्राकडे निहित आहेत. केवळ मालकीचा विचार केला, तर उत्तर सोपे आहे : मालक सरकार.

मात्र कायद्याच्या दृष्टीने मालकी दोन प्रकारची असू शकते. एखादी व्यक्ती घराची मालक असते, तेव्हा ती ते विकू शकते, पाडू शकते किंवा भाड्याने देऊ शकते. एखाद्या देवस्थानाचा विश्वस्त जमिनीच्या कागदावर नाव लावून असला, तरी ती जमीन त्याची नसते. तिचा लाभ दुसऱ्यांसाठी असतो आणि विश्वस्त त्या लाभाचा राखणदार असतो. समुद्र, किनारा, वाहते पाणी, हवा यांच्या बाबतीत सरकारची मालकी या दुसऱ्या प्रकारची आहे, असे सांगणाऱ्या विचाराला सार्वजनिक विश्वस्त तत्त्व म्हणतात. त्याचे मूळ रोमन कायद्यात सापडते. सम्राट जस्टिनियनच्या काळातील विधिग्रंथात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा या गोष्टी निसर्गतः सर्वांच्या सामाईक मानल्या आहेत.

आधुनिक काळात या तत्त्वाला धार आली ती अमेरिकेतील १८९२ च्या एका निकालाने. इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने १८६९ मध्ये शिकागो बंदराजवळील मिशिगन सरोवराचा हजार एकरांहून मोठा बुडीत तळ एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला आणि १८७३ मध्ये तो निर्णय मागे घेतला. वाद न्यायालयात गेला. राज्य अशा जमिनीचा विश्वस्त असल्याने संपूर्ण बंदराचा तळ खासगी कंपनीच्या स्वाधीन करून ते आपल्या जबाबदारीतून मोकळे होऊ शकत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पुढे १९७० मध्ये जोसेफ सॅक्स या विधिज्ञाने या तत्त्वातून निघणारी तीन बंधने मांडली. अशी मालमत्ता सार्वजनिक उद्देशासाठीच वापरली जावी आणि ती सर्वसामान्यांना उपलब्ध असावी. पुरेपूर किंमत मिळत असली तरी ती विकली जाऊ नये. आणि ती तिच्या स्वाभाविक वापरासाठी टिकवून ठेवली जावी.

भारतीय न्यायालयांची वाट

भारतात हे तत्त्व स्पष्ट शब्दांत प्रस्थापित झाले ते डिसेंबर १९९६ मध्ये. हिमाचल प्रदेशात बियास नदीकाठची वनजमीन एका मोटेलला भाडेपट्ट्याने देण्यात आली होती आणि मोटेल वाचवण्यासाठी नदीचा प्रवाह वळवण्याची कामे झाली होती. एम. सी. मेहता विरुद्ध कमल नाथ या खटल्यात न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि न्यायमूर्ती सगीर अहमद यांच्या पीठाने तो भाडेपट्टा रद्द केला. सार्वजनिक विश्वस्त तत्त्व हा भारतीय कायद्याचाच भाग आहे आणि राज्य हे नैसर्गिक संसाधनांचे विश्वस्त आहे, असे पीठाने नमूद केले.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा ठरावा असा निकाल तीन वर्षांनी, १९९९ मध्ये आला. लखनौच्या अमीनाबाद भागातील झंडेवाला पार्क या जुन्या उद्यानात भूमिगत बाजारसंकुल बांधण्याचा करार तेथील नगर महापालिकेने एका विकासकाशी केला होता. बांधकाम बरेच पुढे गेलेले होते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने ते हटवून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश दिला. महापालिकाही विश्वस्तच आहे, असा त्याचा अर्थ. विश्वस्तपदाचे ओझे राज्य सरकारपाशी थांबत नाही. ते ज्याच्या हाती जमीन जाते, त्या प्रत्येक संस्थेबरोबर जाते.

किनाऱ्याच्या बाबतीत २००९ चा गोव्यातील निकाल उल्लेखनीय आहे. दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याकडे जाणारी लोकांची जुनी वाट एका हॉटेलच्या बांधकामामुळे बंद झाली होती. ती वाट खुली ठेवण्याच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने कौल दिला आणि त्यात विश्वस्त तत्त्वाचा आधार घेतला. किनारा सार्वजनिक असला पण तिथे पोहोचण्याची वाट नसली, तर त्या सार्वजनिकतेला अर्थ उरत नाही, हा त्यामागील साधा विचार होता.

मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांबाबत ऑक्टोबर २००५ मध्ये अंतरिम आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम आदेश दिला. कांदळवनांचा नाश हा अनुच्छेद २१ अन्वये मिळालेल्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरतो, असे न्यायालयाने म्हटले. सार्वजनिक हितासाठी अपरिहार्य असल्याखेरीज कांदळवन तोडता येणार नाही, त्याभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवावा आणि सरकारी जमिनीवरील कांदळवने वन विभागाच्या ताब्यात द्यावीत, हे त्या आदेशाचे गाभ्याचे मुद्दे होते.

एका खाडीचे अनेक कारभारी

तत्त्व स्पष्ट असले, तरी कारभार कोणी करायचा हे तितके स्पष्ट नाही. ठाणे खाडीचे उदाहरण पाहिले की गुंतागुंत लक्षात येते. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या तीन महानगरपालिकांच्या हद्दी या खाडीला भिडतात. खाडीच्या पश्चिम काठावर ऑगस्ट २०१५ मध्ये सुमारे १७ चौरस किलोमीटरचे रोहित पक्ष्यांचे अभयारण्य घोषित झाले. २०२२ मध्ये खाडीचा सुमारे ६५ चौरस किलोमीटरचा भाग रामसर कराराच्या यादीत समाविष्ट झाला. अभयारण्याचा कारभार राज्य वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे आहे. हा कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाला.

किनारा नियमन क्षेत्रातील बांधकामांची छाननी राज्याचे किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण करते. जेट्ट्या आणि लहान बंदरे महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहेत. महसुली जमिनीचा ताबा जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. मिठागरांच्या बऱ्याच जमिनी केंद्र सरकारच्या आहेत. मुंबईतील अशा सुमारे २५६ एकर जमिनी धारावी पुनर्विकासाशी संबंधित घरांसाठी राज्याकडे देण्यास केंद्राने २०२४ मध्ये मान्यता दिली. नवी मुंबईत नियोजनासाठी संपादित केलेल्या जमिनींची मालकी १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोकडे आहे, तर १९९२ पासून शहराचा दैनंदिन कारभार महानगरपालिका पाहते.

या यादीत महानगरपालिकेचे स्थान विलक्षण आहे. खाडीत जाणारे सांडपाणी तिचे, पावसाळी नाले तिचे, कचरा तिचा, काठावरचे रस्ते, दिवे आणि उद्याने तिची. विकास आराखड्यात एखाद्या भूखंडावर पाणथळ दाखवायचे की बांधकामयोग्य क्षेत्र, हेही बहुतांशी तीच ठरवते. मात्र ज्या जमिनीवर या सर्वांचा परिणाम होतो, तिची ती मालकही नसते आणि घोषित व्यवस्थापकही नसते. पर्यावरण संरक्षण आणि नागरी वनीकरण हे विषय संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी नमूद आहेत. किनारा, खाडी किंवा पाणथळ जागा यांचा मात्र तिथे नावाने उल्लेख नाही.

जबाबदारी विखुरली की काय होते, याचा अनुभव नेरुळमध्ये आला. तेथील डीपीएस तलाव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तळ्यात खाडीचे पाणी येण्याचे मार्ग अडल्याने ते कोरडे पडत गेले. भरतीच्या वेळी खाडीतील चिखल पाण्याखाली गेला की रोहित पक्षी अशाच उथळ तळ्यांवर येऊन थांबतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे काही रोहित पक्षी दगावले. या तळ्याला संवर्धन राखीवाचा दर्जा देण्याचा निर्णय राज्य पातळीवर २०२५ मध्ये घेण्यात आला. मध्यंतरीच्या काळात कळीचा प्रश्न होता तो एवढाच की, बुजलेला जलमार्ग मोकळा करण्याचे काम कोणाचे.

याच परिसरातील पाणथळ जागांवर गोल्फ मैदान आणि निवासी बांधकाम करण्यासाठी केलेला भूवापरातील बदल मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये रद्द ठरवला होता. तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला.

धारण तलावांचा पेच

स्थानिक संस्थेसमोरील अडचण केवळ निष्काळजीपणाची नाही, हेही समजून घ्यायला हवे. नवी मुंबईचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली वसवलेला आहे. त्यासाठी खाडीकाठी धारण तलाव बांधण्यात आले. भरती असताना झडपांची दारे बंद राहतात आणि शहरातील पावसाचे पाणी या तलावांत साठते. ओहोटी लागली की दारे उघडतात आणि साठलेले पाणी खाडीत निघून जाते. योजना उत्तम आहे, पण ती चालण्यासाठी तलावात जागा रिकामी हवी आणि दारे घट्ट मिटायला हवीत.

कालांतराने दारे निकामी झाली की खारे पाणी आत येते, गाळ साचतो आणि गाळावर कांदळवन रुजते. मग त्याच तलावाची दोन रूपे होतात. अभियंत्याच्या लेखी ते गाळाने भरलेले पूरनियंत्रणाचे साधन असते. कायद्याच्या लेखी ते संरक्षित कांदळवन असते. गाळ काढण्यासाठी कांदळवन तोडायचे, तर उच्च न्यायालयाची अनुमती लागते. वेळोवेळी देखभाल झाली असती, तर हा संघर्ष उद्भवलाच नसता. आता मात्र कांदळवन काढले तर अधिवासाची हानी होते आणि न काढले तर पाणी वस्तीत शिरण्याची भीती राहते.

या भीतीला आधार आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मिठी नदीचा आक्रसलेला प्रवाह आणि तिच्या मुखाशी घातलेल्या भरावांची चर्चा देशभर झाली. पाणथळ जागा ही पडीक जमीन नसून शहराच्या जलव्यवस्थेचा कार्यरत भाग आहे, हा धडा त्या दिवशी सर्वांना मिळाला. विश्वस्तपदाचा अर्थ म्हणूनच केवळ ‘काहीही करू नका’ असा नसतो. राखायची वस्तू चालू स्थितीत ठेवणे हेही विश्वस्ताचे कर्तव्य असते.

नियमांतील पोकळ जागा

किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना फेब्रुवारी १९९१ मध्ये निघाली. तिच्या जागी २०११ आणि मग २०१९ मध्ये नव्या अधिसूचना आल्या. समुद्राच्या बाजूने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा तिच्या कक्षेत येतो. खाड्यांच्या काठी मात्र २०१९ च्या अधिसूचनेने हा पट्टा ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतका, यांपैकी जो कमी असेल तेवढा ठेवला. आधी ती मर्यादा १०० मीटर होती. एक हजार चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरच्या संरक्षक पट्ट्याची तरतूद आहे.

पाणथळ जागांसाठी २०१७ चे स्वतंत्र नियम आहेत. त्यांनुसार अधिसूचित पाणथळीचा भूवापर बदलणे, तिच्यात घनकचरा टाकणे किंवा प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे यांना मनाई आहे. मात्र हे नियम रामसर स्थळांना आणि सरकारने अधिसूचित केलेल्या पाणथळींनाच लागू होतात. किनारा नियमन क्षेत्रातील, वन कायद्याखालील आणि अभयारण्यांतील पाणथळी त्या-त्या कायद्यांच्या हवाली आहेत. भातशेती, नदीपात्रे आणि पिण्याचे पाणी, सिंचन, मीठ उत्पादन, मत्स्यशेती किंवा मनोरंजनासाठी बांधलेले जलाशय व्याख्येतूनच वगळले आहेत.

उपग्रह चित्रांच्या आधारे २०११ मध्ये तयार झालेल्या राष्ट्रीय सूचीत सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळी नोंदल्या गेल्या. त्यांना २०१० च्या नियमांतील तत्त्वांनुसार संरक्षण द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये दिला. सूचीत नाव असणे आणि अधिसूचित होणे यांत मात्र अंतर आहे. ते पार करण्यासाठी जागेवर जाऊन हद्द आखावी लागते आणि तिथेच बहुतेक प्रक्रिया रेंगाळते.

विश्वस्त तत्त्वाचा उपयोग नेमका या पोकळ जागांत होतो. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हा मानवनिर्मित तलाव २०१७ च्या नियमांतील व्याख्येनुसार पाणथळ ठरत नसल्याचे मान्य केले. पण मानवनिर्मित जलाशयांनाही सार्वजनिक विश्वस्त तत्त्व लागू होऊ शकते, असेही स्पष्ट केले. नियमाची व्याख्या संपते तिथे विश्वस्ताचे कर्तव्य संपत नाही, हा त्याचा मथितार्थ.

कॅलिफोर्नियाचा अनुभव

स्थानिक संस्थेकडे किनाऱ्याची जमीन थेट सोपवली तर काय होते, याचा प्रदीर्घ अनुभव अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या गाठीशी आहे. १८५० मध्ये राज्य स्थापन झाले तेव्हा भरती-ओहोटीच्या जमिनी राज्याच्या स्वाधीन झाल्या. पुढे विधिमंडळाने विशेष कायदे करून त्यांतील अनेक जमिनी किनाऱ्यावरील शहरांना आणि बंदर संस्थांना व्यवस्थापनासाठी दिल्या. आज अशा सत्तरहून अधिक स्थानिक संस्था आहेत. हे दान निर्भेळ मालकीचे नाही. शहर विश्वस्त म्हणून जमीन सांभाळते आणि १९३८ मध्ये स्थापन झालेला राज्य भूमी आयोग त्यावर देखरेख ठेवतो.

या व्यवस्थेतील सर्वांत कणखर नियम पैशाचा आहे. विश्वस्त जमिनीतून मिळणारे उत्पन्न त्या विश्वस्त उद्देशासाठीच खर्च व्हावे लागते. ते शहराच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळता येत नाही. लाँग बीच शहराला अशा जमिनीखाली खनिज तेल सापडले आणि उत्पन्नाचा ओघ सुरू झाला. १९५१ मध्ये विधिमंडळाने त्यातील निम्मा वाटा विश्वस्त बंधनातून मुक्त केला. मात्र मुक्त झालेला पैसा शहराचा न होता राज्याकडे परत जातो, असा निर्णय १९५५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला. ज्याच्या नावे विश्वस्त निधी असतो, तो संपूर्ण राज्याचा जनसमुदाय असतो. एका शहराचे करदाते नव्हेत, हे त्यामागील तत्त्व.

दुसरा धडा सॅन फ्रान्सिस्को उपसागराचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर काठावरील अनेक शहरे उपसागरात भराव घालून जमीन वाढवत होती. बर्कली शहराची योजना तर स्वतःचे क्षेत्रफळ जवळपास दुप्पट करण्याची होती. १९६१ मध्ये तीन महिलांनी सुरू केलेल्या चळवळीने हे चित्र पालटले आणि १९६५ मध्ये भरावांवर नियंत्रण ठेवणारा स्वतंत्र आयोग स्थापन झाला. प्रत्येक शहराने घातलेला भराव त्याच्यापुरता लहान वाटतो, पण त्यांची बेरीज संपूर्ण उपसागर आटवू शकते. म्हणून स्थानिक कारभारावर प्रादेशिक देखरेख आवश्यक ठरली.

१९७१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. नौकानयन, व्यापार आणि मासेमारी हे विश्वस्त जमिनीचे पारंपरिक उपयोग होत. त्यांच्या जोडीला जमीन नैसर्गिक स्थितीत तशीच राखणे हाही एक वैध विश्वस्त उपयोग आहे, असे न्यायालयाने म्हटले. पाणथळ राखीव क्षेत्रांना त्यामुळे भक्कम कायदेशीर पाया मिळाला.

देशी नमुने

भारतातही स्थानिक व्यवस्थापनाची परंपरा नवी नाही. गोव्यातील खाजण जमिनी हे तिचे ठळक उदाहरण. मातीचे बांध आणि लाकडी दारांची मानस यांच्या साहाय्याने खारे पाणी अडवून तिथे भात पिकवले जाई आणि मासे धरले जात. गावकारी किंवा कोमुनिदाद या ग्रामसंस्था आणि शेतकऱ्यांचे संघ बांधांची देखभाल करत. मानसीवरील मासेमारीचा लिलाव होई आणि उत्पन्न त्याच व्यवस्थेशी जोडलेले राही. देखभाल आणि लाभ यांची सांगड तिथे होती. पुढे ही सांगड सुटली आणि बांध फुटून कित्येक खाजणे खाऱ्या पाण्याखाली गेली. कोकणातील खारभूमीसाठी महाराष्ट्रात १९७९ चा स्वतंत्र कायदा आहे.

केरळातील कडलुंडी-वल्लिकुन्नू हा आजचा नमुना. कोळिक्कोड आणि मलप्पुरम या दोन जिल्ह्यांतील दोन ग्रामपंचायतींच्या हद्दीवरील नदीमुखाचा सुमारे दीड चौरस किलोमीटर भाग २००७ मध्ये सामुदायिक राखीव म्हणून घोषित झाला. केरळातील ते पहिले सामुदायिक राखीव क्षेत्र. तेथे कांदळवन आहे, स्थलांतरित पक्षी येतात आणि स्थानिकांची मासेमारीही चालते.

ओडिशातील चिलिका सरोवरासाठी १९९१ मध्ये स्वतंत्र विकास प्राधिकरण नेमले गेले. समुद्राशी असलेला संपर्क क्षीण झाल्याने सरोवराची स्थिती खालावली होती आणि १९९३ मध्ये ते रामसर कराराच्या धोक्यातील स्थळांच्या नोंदवहीत गेले होते. २००० मध्ये नवे मुख खोदल्यावर खारे पाणी पुन्हा खेळू लागले आणि २००२ मध्ये सरोवराचे नाव त्या नोंदवहीतून वगळण्यात आले. एका संस्थेकडे स्पष्ट जबाबदारी असली की दुरुस्ती शक्य होते, हे चिलिकाने दाखवले.

वन्यजीव संरक्षण कायद्यातही स्थानिक संस्थेला जागा आहे. संवर्धन राखीवाच्या व्यवस्थापन समितीवर हद्दीतील प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असावा, असे कलम ३६-ब सांगते. नगरपालिका किंवा महानगरपालिकेचा उल्लेख मात्र त्या कलमात नाही. हे कलम लिहिताना राखीव क्षेत्र म्हणजे ग्रामीण भाग असे गृहीत धरलेले दिसते. नेरुळसारख्या दाट वस्तीच्या शहरातील राखीवासाठी ही उणीव महत्त्वाची आहे. तळ्याला येणारे पाणी आणि सांडपाणी ज्या संस्थेच्या हाती आहे, तीच समितीबाहेर राहण्याची शक्यता त्यातून निर्माण होते.

किनारा नियमन अधिसूचनेने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समित्यांची आणि त्यांवर मच्छीमारांसह पारंपरिक किनारी समुदायांच्या किमान तीन प्रतिनिधींची तरतूद केली आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२२ मध्ये संसदेत मांडलेल्या किनारी परिसंस्थांवरील अहवालात मात्र काही राज्यांत या समित्या वेळेवर स्थापन झाल्या नसल्याचे नोंदवले. पक्ष्यांना धोका कुठे आहे हे वन अधिकाऱ्याला कळते, पण गाळ कुठे साचतो, कोळंबी कधी येते आणि भरतीचे पाणी कोणत्या वाटेने शिरते हे कोळ्याला आधी कळते. त्याला समितीत स्थान नसेल, तर विश्वस्त व्यवस्थेचा लाभार्थीच बैठकीबाहेर राहतो.

विश्वस्ताचा हिशेब

या सर्व अनुभवांतून काही बाबी निष्पन्न होतात. पहिली, हद्द. ज्या जमिनीची हद्द नकाशावर आणि जागेवर आखलेली नाही, तिचे रक्षण कागदावरच राहते. दुसरी, एकच उत्तरदायी संस्था. मालक, नियोजक आणि देखभालकर्ता वेगवेगळे असले, तरी झडप कोणी दुरुस्त करायची आणि जलमार्ग कोणी मोकळा ठेवायचा, हे लेखी ठरलेले असावे. तिसरी, वेगळे खाते. किनाऱ्यावरील वाहनतळ, दुकाने, जेट्ट्या आणि भाडेपट्टे यांचे उत्पन्न स्वतंत्रपणे नोंदवून त्याच किनाऱ्यावर खर्च करण्याची सक्ती आपल्या किनारा नियमन अधिसूचनेत नाही. मात्र एखाद्या महानगरपालिकेने आपल्या अर्थसंकल्पात तसे शीर्ष उघडण्यास आडकाठीही नाही. चौथी, वरची देखरेख. जी संस्था लोकांना सर्वांत जवळची, तिच्यावर जमिनीसाठी, कचऱ्यासाठी आणि महसुलासाठी दबावही सर्वांत जास्त असतो. म्हणून स्थानिक कारभार आणि राज्याची देखरेख हे परस्परांचे पर्याय नसून पूरक आहेत.

नागरिकाच्या हाती काय आहे? किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडे ही सार्वजनिक कागदपत्रे आहेत आणि मसुदा प्रसिद्ध झाल्यावर त्यांवर हरकती घेता येतात. शहराच्या विकास आराखड्याच्या मसुद्यावरही हरकती-सूचनांचा वैधानिक कालावधी असतो. आपल्या भागातील पाणथळीवर त्यात कोणता रंग भरला आहे, हे त्या काळात तपासता येते. जमिनीची मालकी महसुली उताऱ्यावरून आणि खर्चाचा तपशील माहितीच्या अधिकाराखाली मिळवता येतो. कांदळवनतोड किंवा भराव दिसल्यास वन विभाग, जिल्हाधिकारी आणि स्थानिक संस्था या तिघांकडेही तक्रार नोंदवावी, कारण एका कार्यालयाच्या हद्दीचा वाद निघाला तरी दुसरीकडे नोंद कायम राहते.

विश्वस्ताला मालमत्ता विकण्याची घाई करता येत नाही, तशी ती विसरण्याची मुभाही नसते. भरती-ओहोटीमधल्या जमिनीच्या कागदावर नाव सरकारचे असले, तरी तिच्यावर होडी ओढणारा कोळी, तिच्यामुळे पुरापासून वाचणारी वस्ती आणि अजून जन्माला न आलेली पिढी हे तिचे लाभार्थी आहेत. महानगरपालिका असो वा ग्रामपंचायत, तिच्या कारभाराचे मोजमाप पट्ट्यावर दिलेल्या एकरांवरून किंवा जमा झालेल्या भाड्यावरून करून भागणार नाही. पाणी पूर्वीसारखेच आत येते आणि बाहेर जाते का, यावरूनच ते व्हायला हवे.